वारा इथला, ऊन इथले: धाराशिवच्या उमेदवारांना विचारायचे काही



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांची एक सवय इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. निवडणूक लागली, की गावात आलेल्या कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला ते पारावर बसवून घेत, चहा पाजत आणि विचारत, "आमच्या तलावात किती पाणी मावतं, तुम्हाला माहीत आहे का?" उत्तर आले तर पुढचा प्रश्न तयार असे. आले नाही तर ते स्वतः सांगत आणि म्हणत, "पुढच्या गावात हे सांगा." आजच्या विषयाचे मूळ मला त्या पारावर दिसते. आपल्या जिल्ह्यात मते मागणाऱ्यांना बदलत्या हवामानाबद्दल आणि ऊर्जेच्या स्वावलंबनाबद्दल काय म्हणायचे आहे, आणि आपण त्यांना काय विचारायला हवे, यावर मी बोलणार आहे. माझी नोकरी वीज खात्यात गेली. उपकेंद्रे, फीडर आणि डीपी म्हणजे रोहित्रे यांच्यात वावरलेला माणूस आहे मी, त्यामुळे हवामानाकडेही मी तारेच्या बाजूने पाहतो.

आधी २०२३ ते २०२५ या तीन वर्षांचा क्रम डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपले वाशी, धाराशिव आणि लोहारा होते. त्या दुष्काळातच ७ मे २०२४ ला लोकसभेचे मतदान झाले. टँकरची वाट पाहणाऱ्या बाया डोक्यावर पदर ओढून उन्हात रांगेत उभ्या होत्या. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना फुगली, परंडा आणि भूमच्या गावांत घरांच्या छपरापर्यंत पाणी चढले, माणसे उतरवायला हेलिकॉप्टर आणावे लागले. दोन वर्षांच्या आत, एकाच जिल्ह्यात, आधी हंडा आणि मग पूर. शेती म्हणजे नशिबाचा खेळ, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. पण पाऊस लांबतो, मग एका रात्रीत महिन्याचा कोसळतो, पुन्हा महिनाभर गायब होतो, हे इतके वारंवार होऊ लागल्यावर नुसते नशिबाला बोल लावून भागत नाही. हवा जितकी तापते तितकी ती अधिक बाष्प धरते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते, हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातले तत्त्व आता आपल्या बांधावर येऊन उभे राहिले आहे.

मग या दोन निवडणुकांत आपल्याकडे कशाची चर्चा झाली? लोकसभेला ओमराजे निंबाळकर आणि अर्चना पाटील यांच्यात लढत झाली. निष्ठा, पक्षफूट, आरक्षण, सोयाबीनचा भाव, कांद्याची निर्यातबंदी हे मुद्दे गाजले आणि ओमराजे सव्वातीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. विधानसभेला चार जागा वाटल्या गेल्या. धाराशिवला कैलास पाटील आणि उमरग्याला प्रवीण स्वामी, हे दोघे उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे. तुळजापूरला भाजपचे राणाजगजितसिंह पाटील. परंड्याला शिंदेंच्या शिवसेनेचे तानाजी सावंत, तेही अवघ्या दीड हजारांच्या फरकाने. म्हणजे जिल्हा कुणा एकाच्या खिशात नाही. त्यामुळे मी पुढे जे बोलणार आहे, ते कुठल्याही एका पक्षाच्या नावावर टाकता येणार नाही आणि कुठलाही पक्ष त्यातून सुटणारही नाही.

जाहीरनाम्यांत हा विषय नव्हता असे नाही. २०४७ पर्यंत देश ऊर्जेत स्वतंत्र करण्याचे उद्दिष्ट पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून सांगितले आणि २०२४ च्या भाजपच्या संकल्पपत्रात ते आले. घरांच्या छपरांवर सौरपत्रे बसवून महिना ३०० युनिटपर्यंत मोफत वीज देणारी सूर्यघर योजनाही त्यात होती. काँग्रेसच्या न्यायपत्रात पर्यावरण संरक्षण आणि हवामान बदल यांच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचे वचन होते. दिल्लीत छापलेल्या या कागदांत गांभीर्य आहे आणि मी ते मानतो. देश ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. आखातात गडबड झाली की आपल्या ट्रॅक्टरच्या डिझेलवर तिचा परिणाम होतो. तेव्हा ऊर्जेचे स्वावलंबन ही पोटाची गोष्ट आहे. अडचण अशी, की हे कागद तुळजापूरच्या घाटापर्यंत पोहोचत नाहीत. इथल्या सभेत उमेदवार उभा राहतो तेव्हा हवामानाचा विषय भरपाईच्या रूपाने येतो आणि ऊर्जेचा विषय माफीच्या रूपाने. पंचनामे कधी होणार, विमा कधी मिळणार, बिल माफ होणार का. प्रश्न खरेच आहेत. पण हे सगळे प्रश्न नुकसान होऊन गेल्यानंतरचे आहेत.

विम्याचेच पाहा. खरीप २०२० मध्ये काढणीच्या तोंडावर अतिवृष्टी झाली. सोयाबीनच्या गंजी पाण्यात तरंगल्या. विमा कंपनीने म्हटले, नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवले नाही, म्हणून भरपाई नाही. आता अतिवृष्टीत पहिली जाते ती वीज. वीज गेली की मोबाइल बंद पडतो आणि गावाच्या ओढ्याला पूर आलेला असतो. त्या माणसाने ७२ तासांत कुणाला कळवायचे? प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल लागला. तरी पैसे हातात पडेनात म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये आमदार कैलास पाटील उपोषणाला बसले. लोकप्रतिनिधी उपोषण करतो, न्यायालय बाजूने निकाल देते आणि शेतकऱ्याला मागच्या खरिपाचे पैसे पुढच्या खरिपानंतरही मिळत नाहीत.

आणि एवढे होऊन २०२५ च्या हंगामात काय झाले? एक रुपयातला विमा बंद झाला. शिवाय स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचे नुकसान ही भरपाईची कारणे राज्याने योजनेतून वगळली. उरला तो पीक कापणी प्रयोग, म्हणजे मंडळातल्या सरासरी उत्पन्नाचा हिशेब. त्यानंतर चार महिन्यांत सीनेला पूर आला. ज्या वर्षी आभाळ सगळ्यात जास्त फाटले, त्याच वर्षी छत्री मिटली गेली. या निर्णयावर जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराने आणि उमेदवाराने आपले मत उघड सांगायला हवे होते. योजनेत गैरव्यवहार झाले होते, बोगस अर्ज आले होते, हे खरे. मग चोर पकडायचे की विमाच काढून घ्यायचा, यावर त्यांचे म्हणणे काय?

पुराच्या दिवसांत परंडा तालुक्यातल्या वडनेरला छपरावर अडकलेल्या कुटुंबाला काढण्यासाठी खासदार ओमराजे बचावपथकाबरोबर स्वतः पाण्यात उतरले. ती चित्रफीत तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. माणूस संकटात धावून गेला, त्याचे मोल मी कमी करणार नाही. उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे आले, उद्धव ठाकरे आले, सरकारने ऑक्टोबरमध्ये राज्यासाठी ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतची कामे होती. ज्याने खरडलेले रान पाहिले आहे त्याला विचारा. वरची काळी माती गेलेली असते, खाली मुरूम उघडा पडलेला असतो, विहीर गाळाने बुजलेली असते आणि मोटार गाळाच्या खाली कुठेतरी रुतलेली असते. ती माती पुन्हा तयार व्हायला कितीतरी पिढ्या जातील.

मला इथे १९७२ आठवतो. तो दुष्काळ या सभागृहातल्या अनेकांनी भोगला आहे. खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. त्या आपत्तीतून या राज्याच्या राजकारणाने एक कायदा घडवला. वि. स. पागे यांनी १९६५ पासून तासगावच्या विसापुरात ज्या कल्पनेचा प्रयोग चालवला होता, ती दुष्काळात राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा, याचेही उत्तर त्या पिढीने दिले, शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून. शहराने खेड्यासाठी कर भरावा, हे तेव्हाच्या पुढाऱ्यांनी शहरात जाऊन सांगितले. पुढे २००५ मध्ये देशाने तोच कायदा घेतला. म्हणजे आपत्तीतून हक्क निर्माण करणे महाराष्ट्राला जमते. ज्या जिल्ह्याने भाई उद्धवराव पाटलांसारखा आवाज विरोधी बाकांवर पाठवला, त्या जिल्ह्याला पॅकेजवर समाधान मानायला सांगणे मला पटत नाही. १९७२ नंतर हक्क मिळाला. २०२३ आणि २०२५ नंतर काय मिळाले?

आता माझ्या विषयाच्या गाभ्याकडे येतो.

कळंब, वाशी, भूमच्या बालाघाटी पठारावर उभे राहा. जिकडे पाहाल तिकडे पवनचक्क्या दिसतात. काही फिरतात, काहींचे पंख अजून जमिनीवर ठेवलेले आहेत. इतक्या थोड्या काळात इतक्या का आल्या? त्याचे कारण वाऱ्यात आहे आणि केंद्राच्या एका नियमातही आहे. दुसऱ्या राज्यात वीज न्यायची तर पारेषणाचे शुल्क लागते. ३० जून २०२५ पर्यंत सुरू होणाऱ्या सौर आणि पवन प्रकल्पांना हे शुल्क पंचवीस वर्षे पूर्ण माफ होते, पुढे ती माफी टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार होती. त्या तारखेच्या आत खांब उभे करायचे म्हणून कंपन्या घाईला आल्या. त्यांची वीज उचलायला कळंब भागात ४०० केव्हीचे मोठे उपकेंद्र उभे राहिले, परळी ते पुणे या वाहिनीला जोडलेले, सुमारे हजार मेगावॅट सामावणारे. देशाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत कोळसा-तेल-वायूशिवायचा वाटा निम्म्यावर गेला, ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी. त्यात आपल्या पठारावरचा वाराही आहे.

पण त्याच पठारावरच्या एखाद्या वस्तीवर पौषात रात्री एक वाजता जा. शेती फीडरला त्या आठवड्यात रात्रीची पाळी आहे. गडी अंगावर घोंगडी, हातात बॅटरी, पायात रबरी बूट घालून हरभऱ्याला दारं धरतो आहे. स्टार्टरच्या पेटीत हात घालताना आत साप तर नाही ना, हे तो आधी बॅटरीने पाहतो. मध्येच एक फेज जातो, मोटार गुरगुरते आणि थांबते. तो बांधावर टेकून बसतो. डोक्यावर लाल दिवा लुकलुकतो. तो दिवा पवनचक्कीच्या टोकावरचा. ती वीज त्याच्या मोटारीपर्यंत येत नाही. ती उच्चदाबाच्या तारेवरून जिल्ह्याबाहेर, कदाचित राज्याबाहेरच्या कारखान्याला चालली आहे. डीपी जळला तर तो पंधरा-पंधरा दिवस येत नाही आणि गावाला वर्गणी काढावी लागते. ही तुलना तांत्रिकदृष्ट्या सरळ नाही, हे मी वीजवाला म्हणून कबूल करतो. ४०० केव्हीच्या तारेवरून ११ केव्हीच्या फीडरला वीज अशी थेट उतरत नसते. पण ज्याच्या रानात खांब आहे त्याला तिथेच अंधारात बसावे लागते, हे राजकारणाचे अपयश आहे, विद्युतशास्त्राचे नव्हे.

शिवाय वाऱ्याचा स्वभावही समजून घ्या. पठारावर वारा सगळ्यात जोराचा असतो तो आषाढ-श्रावणात, जेव्हा मोटारी बंद असतात. रब्बीला, ज्वारी-हरभऱ्याच्या पाण्याला लागते ती दिवसाची वीज, आणि तेव्हा ऊन भरपूर असते. म्हणजे गावाच्या सोयीची ऊर्जा ही सूर्याची. राज्याला हे उमगले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प बसवून शेती फीडर दिवसा चालवायचा, जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडे द्यायचे, दरवर्षी ते तीन टक्क्यांनी वाढवायचे आणि ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख असे तीन वर्षे द्यायचे, अशी रचना आहे. मला ही योजना मनापासून आवडते. रात्रीची पाळी संपवणारी ती योजना आहे. आणि तरीही मी उमेदवारांना विचारतो, गावाला भाडेच का? वाटा का नाही?

हिशेब करून पाहू. दोन मेगावॅटच्या प्रकल्पाला साधारण दहा एकर जमीन लागते. भाडे झाले वर्षाला पाच लाख. तेवढ्या पत्र्यांतून आपल्याकडच्या उन्हात वर्षाला तीस लाख युनिटच्या आसपास वीज निघते आणि तीन रुपयांचा दर धरला तर ती नव्वद लाखांची होते. त्यातून भांडवलाचे हप्ते, देखभाल, विमा जातो, हे खरे. भांडवल आठ कोटींच्या घरात लागते, तेही खरे. पण कर्ज फिटल्यावरही प्रकल्प चालतच राहतो आणि भाडेवाल्याच्या हातात तेव्हाही भाडेच येते. २०१९ च्या कुसुम योजनेच्या पहिल्या घटकात शेतकऱ्याला, शेतकऱ्यांच्या गटाला, सहकारी संस्थेला आणि पंचायतीलाही अर्ध्या ते दोन मेगावॅटचा प्रकल्प स्वतः उभारायची मुभा दिली गेली. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज वीज कंपनीला विकली. डेन्मार्कने २००९ पासून काही वर्षे असा कायदा चालवला होता, की नव्या पवनचक्कीचा वीस टक्के हिस्सा आधी आसपासच्या रहिवाशांना विकत घ्यायला देऊ करायचा. आणि सहकार आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का? १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला, तेव्हा भांडवल नाही, अनुभव नाही, हीच कारणे लोक सांगत होते. ढोकीच्या तेरणा कारखान्याची चिमणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सहकाराची ताकद माहीत आहे आणि सहकार कसा बुडतो हेही माहीत आहे. म्हणूनच मी म्हणतो, नव्याने करायचे तर हिशेब दर सहा महिन्यांनी ग्रामसभेपुढे मांडण्याच्या अटीवर करा. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे छोटे गाव पूर्ण सौरग्राम झाले. आपल्या आठ तालुक्यांत असे पहिले गाव कोणते होणार, हे एका तरी उमेदवाराने सभेत सांगावे.

पवनचक्कीच्या बाबतीत तर वाट्याच्याही आधीचा प्रश्न आहे, धाकाचा. रस्ता करायला रान तुडवले जाते, तारा ओढायला उभ्या पिकात माणसे शिरतात, शेजाऱ्याला एक दर आणि याला दुसरा, मध्ये एजंट. करार इंग्रजीत, वीस-पंचवीस पानांचा. सही करणाऱ्याला त्यातली मुदत कळत नाही, खांब मोडीत काढायची जबाबदारी कुणाची हे कळत नाही, कंपनी विकली गेली तर काय हे कळत नाही. तक्रारी जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत गेल्या. मांजरेच्या पलीकडे, केज तालुक्यात मस्साजोगला ९ डिसेंबर २०२४ ला सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. आरोपपत्रानुसार तिच्या मुळाशी पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी होती. खटला न्यायालयात आहे, त्यावर अधिक बोलणे उचित नाही. पण एक गोष्ट सांगतो. हरित ऊर्जेचा पैसा जिथे कायद्याच्या वाटेने गावाच्या तिजोरीत येत नाही, तिथे तो आडवाटेने कुणाच्या तरी खिशात जाण्याच्या जागा तयार होतात, आणि मधे उभा राहणारा सरपंच एकटा पडतो. जून २०२४ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने मनोऱ्याखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्याला तीस टक्के भरपाईच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या मराठीत करून प्रत्येक तलाठी सज्जात लावा, एवढी साधी मागणी कुठल्याही उमेदवाराने उचलायला हरकत नव्हती.

एका मुद्द्यावर मात्र बोलताना आपल्याकडचे सगळेच पुढारी अडखळतात. तो मुद्दा उसाचा. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. तेल आयात कमी व्हावी म्हणून हे केले आणि हेतू बरोबर आहे. पण इथेनॉलसाठी ऊसही लागतो आणि उसाला पाणी लागते. मांजरा, तेरणा, सीनेच्या खोऱ्यात, जिथे एक वर्षाआड टँकर लागतात, तिथे देशाचे ऊर्जास्वातंत्र्य आपल्या विहिरीतून उपसले जाते. मराठवाड्यात ऊस नको, असा अहवाल २०१९ मध्ये विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांच्या कार्यालयाने शासनाला दिला होता. तो बाजूला पडला, कारण ऊस लावणाऱ्याला दुसऱ्या कुठल्या पिकाचा हमखास पैसा मिळत नाही आणि कारखाने ज्यांच्या हातात आहेत तेच बहुतेकदा उमेदवार किंवा उमेदवारांचे आधार असतात. मी ऊस लावणाऱ्याला दोष देत नाही. सोयाबीनला भाव पडला की तो ऊसच लावणार. पण ज्या उमेदवाराने पवनचक्की, सौरपंप, इथेनॉल यांचे स्वागत केले, त्याने त्याच दमात सांगावे, की आपल्या योजनेत पाणी कुठून येणार. सौरपंपाला बिल नाही. त्यामुळे बोअर दिवसभर चालू ठेवायला काहीच अडत नाही. आपल्या काळ्या बेसाल्टच्या खडकात पाणी भेगांत असते, आणि भेग आटली की आटली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देणारी बळीराजा योजना ४४ लाख शेतकऱ्यांना लाभली, तिच्यामुळे चालू बिलाची टांगती तलवार गेली. ती मी वाईट म्हणणार नाही. ठिबकाची अट, बोअरच्या खोलीची मर्यादा, गावाचा पाण्याचा ताळेबंद, यातले काही तिच्याबरोबर आले असते तर मी तिला हवामानाची योजना म्हटले असते.

आणि कृष्णेचे पाणी. गेली कितीतरी वर्षे प्रत्येक उमेदवार ते आणतो आहे. उजनीतून सीना-कोळेगावला आणि रामदऱ्याच्या तलावाला. सात टीएमसीचा पहिला टप्पा, मूळ मागणी २३.६६ टीएमसीची. या पाण्यावर आपला हक्क आहे आणि त्यासाठी भांडलेल्या सर्व पक्षांच्या लोकांचे आपण आभार मानले पाहिजेत. पण हे पाणी उताराने येत नाही, ते टप्प्याटप्प्याने उपसून वर चढवावे लागते. म्हणजे दर थेंबाला वीज लागते, दरवर्षी, कायमची. ते बिल कोण भरणार? बिल थकले आणि पंप बंद पडले, ही गोष्ट राज्यातल्या उपसा योजनांना नवी नाही. सांगलीच्या म्हैसाळ योजनेसाठी जर्मन बँकेच्या कर्जातून सौर प्रकल्प घ्यायचे ठरले. कौडगावला महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात आहे. कृष्णेचे हे पाणी आणणाऱ्या कृष्णा-मराठवाडा योजनेच्या पंपांसाठी वेगळा सौर प्रकल्प, त्याची जागा, त्याचा पैसा, हे ज्या भाषणात नसेल ते भाषण अर्धे आहे असे समजा. पाण्याचे वचन आणि विजेचे वचन वेगवेगळ्या सभांत देता येते, पंप मात्र दोन्हींवर चालतो.

विधानसभेची निवडणूक दूर असली तरी जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीचे उमेदवार आपल्या दारात येतच राहतात, आणि माझ्या मते या विषयात सगळ्यात जास्त अधिकार त्यांच्याकडे आहेत. दिल्लीच्या उमेदवाराला २०७० च्या शून्य उत्सर्जनावर विचारा, जरूर विचारा. पण तुमच्या गटातल्या उमेदवाराला विचारा, की गावात येणाऱ्या प्रत्येक ऊर्जा प्रकल्पाचा करार मराठीत ग्रामसभेपुढे वाचल्याशिवाय तू ठराव होऊ देणार नाहीस ना. गायरानावर पत्रे लावायचे ठरले तर जनावरे चारायला कुठे न्यायची, हे भटक्या मेंढपाळाला आणि शेळी पाळणाऱ्या बाईला आधी विचारणार का. उस्मानाबादी शेळीचे नाव देशभर आहे आणि ती गायरानावरच वाढली आहे. पंचायतीला मिळणाऱ्या पाच लाखांचे काय करणार, कमान बांधणार की शाळेच्या आणि आरोग्य उपकेंद्राच्या छपरावर सौरपत्रे आणि बॅटरी बसवणार, म्हणजे पुढच्या पुराच्या रात्री गावात एक तरी जागा उजेडाची आणि मोबाइल चार्ज होण्याची राहील. विम्याचे वगळलेले नियम परत आणण्यासाठी तुझा आमदार सभागृहात काय बोलला, हे तू सांगू शकतोस का. उत्तर देणारा कुठल्या पक्षाचा आहे याला महत्त्व देऊ नका. उत्तर लिहून घ्या, तारीख घाला, सही घ्या आणि ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

माझे बोलणे इथे थांबवतो. संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे आणि सभागृहात कळंब-वाशी भागातले काही शेतकरी आलेले मला दिसत आहेत. ज्यांच्या रानात खांब उभे आहेत किंवा ज्यांच्या पिकावरून तारा गेल्या आहेत, त्यांना ध्वनिक्षेपक आधी द्यावा, अशी अध्यक्षांना विनंती.